तुमचा व्हिडिओ कॉल नक्की कोणाचा शोध? पेटंट तपासणारे हे कसं ठरवतात

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. नाव एवढं लांब की ऑटोवाल्याला सांगताना आपणच मध्ये श्वास घेतो. पण काम महत्त्वाचं. भारताच्या पेटंट कार्यालयात नव्याने भरती होणाऱ्या एक्झामिनरना, म्हणजे पेटंटचे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना, इथे प्रशिक्षण दिलं जातं. नागपूरचं आणि पेटंटचं नातं तसं जुनंच. १९७५ मध्ये इथे पेटंट इन्फर्मेशन सिस्टिम सुरू झाली होती, जगभरातल्या पेटंटची कागदपत्रं जमवण्यासाठी. तीच पुढे या संस्थेचा भाग झाली.

तुमच्या मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉलचा याच्याशी संबंध काय? बराच आहे. २०२३-२४ या एका वर्षात भारताने एक लाखाहून जास्त पेटंट मंजूर केली. जुलै २०२५ मध्ये सॉफ्टवेअरशी संबंधित शोध कसे तपासायचे याच्या सुधारित मार्गदर्शक सूचना आल्या. म्हणजे पेटंट वेगाने दिली जातायत, आणि सॉफ्टवेअरचं दार किती उघडायचं हेही नव्याने लिहिलं जातंय. व्हिडिओ कॉल हे अशा तपासणीतलं सगळ्यात गुंत्याचं प्रकरण, कारण तिथे प्रत्येक जण म्हणतो की हे आधी मी केलं.

एका कॉलमध्ये किती शोध?

आपण हिरवं बटण दाबतो आणि समोर चेहरा येतो. आत काय होतं ते बघा. कॅमेऱ्यातलं चित्र प्रचंड मोठं असतं, ते कोडेक दाबून लहान करतो. मग त्याचे तुकडे, म्हणजे पॅकेट, नेटवर सोडले जातात. तुमचा फोन आणि समोरचा फोन दोघंही कुठल्यातरी राउटरच्या मागे लपलेले असतात, त्यांना एकमेकांचा पत्ता शोधून द्यावा लागतो. पॅकेट उलटसुलट पोहोचतात म्हणून ती क्षणभर थांबवून ओळीत लावावी लागतात. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये जाऊ नये म्हणून इको काढावा लागतो. ग्रुप कॉल असेल तर मध्ये एक सर्व्हर बसतो आणि कोणाला कोणाचं चित्र किती दर्जात पाठवायचं ते ठरवतो. पार्श्वभूमी धूसर करणं वगैरे त्यानंतर.

यातल्या प्रत्येक पायरीवर पेटंट आहेत, आणि एकाच पायरीवर वेगवेगळ्या कंपन्यांची. एच.२६४ हे कोडेक २००३ मध्ये मंजूर झालं. त्यात इतक्या कंपन्यांचे हक्क गुंतलेले होते की सगळ्यांची पेटंट एकत्र करून एकाच खिडकीवर परवाना देणारा पूल बनवावा लागला. ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलसाठी हे कोडेक सक्तीचं करायचं की गूगलने मोफत खुलं केलेलं व्हीपी-८, यावर मोठं भांडण झालं. शेवटी तोडगा असा निघाला की ब्राउझरने दोन्ही ठेवावीत. याचा पुरावा तुमच्याच कॉम्प्युटरवर सापडेल. फायरफॉक्सच्या ॲड-ऑन्समध्ये प्लगइन्सची यादी उघडा, तिथे सिस्कोचं ओपन एच.२६४ दिसेल. परवान्याची रॉयल्टी सिस्को भरते, म्हणून फायरफॉक्स ते फुकट देऊ शकतं.

दावा म्हणजे कुंपण

इथे बहुतेकांचा घोळ होतो. पेटंट 'व्हिडिओ कॉलिंग ॲप'ला मिळत नाही. २०२० च्या जुलैमध्ये जिओमीट आलं तेव्हा स्क्रीन अगदी झूमसारखी दिसते म्हणून सोशल मीडियावर बरीच खिल्ली उडाली होती. पण स्क्रीन कशी दिसते हा कॉपीराइटचा नाहीतर डिझाइनचा विषय. पेटंटच्या अर्जात चाळीस-पन्नास पानांचं वर्णन असतं आणि शेवटी असतात 'क्लेम', म्हणजे दावे. एक दावा म्हणजे एक लांबलचक वाक्य. कायद्याने तुमची जमीन तेवढीच, जेवढी त्या वाक्याच्या कुंपणात येते.

समजा पहिल्या कंपनीचा दावा असा आहे: 'ज्या सदस्याचं नेटवर्क मंदावलं आहे त्याला सर्व्हर कमी दर्जाचं चित्र पाठवतो.' दुसऱ्या टीमचा दावा: 'ज्या सदस्याचं नेटवर्क मंदावलं आहे त्याला सर्व्हर कमी दर्जाचं चित्र पाठवतो, मात्र त्या क्षणी जो बोलतोय त्याचं चित्र मूळ दर्जात ठेवतो.' (उदाहरण मी बनवलेलं आहे. खऱ्या जगात या दोन्ही गोष्टी केव्हाच जुन्या झाल्यात.)

दुसरा दावा पहिल्याच्या कुंपणाच्या आत आहे. तरीही तो नवीन असू शकतो, कारण 'बोलणाऱ्याचं चित्र तसंच ठेवा' ही गोष्ट पहिल्याने सांगितलेलीच नव्हती. एक्झामिनर मग पुढचा प्रश्न विचारतो: या क्षेत्रातल्या जाणकार माणसाला हे सहज सुचलं असतं का? बोलणारा कोण हे ओळखण्याबद्दलचा एखादा जुना पेपर तो शोधून काढेल, पहिल्या दाव्याला जोडेल आणि म्हणेल, दोन ठाऊक गोष्टी चिकटवल्या, यात शोध काय?

आता क्रम उलटा करा. बारीक तपशिलाचा दावा आधी आला आणि मोघम दावा नंतर. मोघमवाला पडतो, कारण त्याच्या कुंपणात येणारी एक गोष्ट जगात आधीच होती. आधी मोघम आणि नंतर बारीक असं मात्र चालू शकतं.

आणि ही गंमत नीट समजून घ्या: दुसऱ्या टीमला पेटंट मिळालं तरी ती आपलं उत्पादन बिनधास्त विकू शकत नाही. पेटंट म्हणजे दुसऱ्याला रोखण्याचा हक्क, स्वतः वापरण्याचा परवाना नव्हे. आतल्या कुंपणात जायला बाहेरच्या कुंपणातूनच जावं लागतं, त्यामुळे पहिल्या कंपनीची परवानगी हवीच. आणि पहिल्या कंपनीला बोलणाऱ्यावाली युक्ती हवी असेल तर तिने दुसरीकडे जायचं. पेटंट मिळालं म्हणून लिंक्डइनवर पेढे वाटणाऱ्या स्टार्टअपना हे उशिरा कळतं.

अठरा महिन्यांचा अंधार

पेटंटचा अर्ज साधारण अठरा महिने गुप्त राहतो, मग प्रसिद्ध होतो. समजा पहिल्या कंपनीने जानेवारीत अर्ज केला, तुम्ही जूनमध्ये. तुम्ही कितीही शोधलं तरी तिचा अर्ज तुम्हाला दिसणार नाही. तुमचा अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरला मात्र तो पुढे दिसतो, आणि पेटंट कायद्याचं कलम १३ त्याला असा आधीचा दावा शोधायला सांगतं. तुमची अजिबात चूक नसताना अर्ज पडू शकतो. अन्याय वाटेल, पण एकाच शोधावर दोन जणांची मालकी द्यायची नसेल तर दुसरा मार्गही नाही.

प्रत्येक देशाने हे वेगळं सोडवलंय. अशा गुप्त राहिलेल्या अर्जाबाबत भारतात दाव्याशी दावा ताडून पाहतात. युरोपात त्या जुन्या अर्जातलं सगळं वर्णन धरतात, पण फक्त 'नवीन आहे का' एवढ्यापुरतं. अमेरिकेत सगळं वर्णन धरतात आणि 'सहज सुचलं असतं का' या कसोटीलाही लावतात. म्हणजे जूनमधल्या तुमच्या अर्जात थोडा जरी खरा फरक असेल, तर भारतात तो तगण्याची शक्यता अमेरिकेपेक्षा जास्त. लहान माणसाला हे बरं. पण याच फटीतून एकमेकांवर चढलेली पेटंटही शिल्लक राहतात, आणि मोठ्या कंपन्या ती डझनाने जमवू शकतात.

त्यात आपल्याकडे कलम ३(के) आहे: 'पर से' कॉम्प्युटर प्रोग्राम, म्हणजे निव्वळ प्रोग्राम, आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. २००४ च्या अध्यादेशाने ही अट सैल केली होती, २००५ च्या कायद्यात संसदेने ती सूट काढून टाकली. मग निव्वळ प्रोग्राम म्हणजे नेमकं काय? डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अलानी प्रकरणात सांगितलं की शोधाचा तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान असेल, तर तो सॉफ्टवेअरवर चालतो एवढ्यावरून नाकारता येत नाही. अलानींचा भारतातला अर्ज २००२ चा होता. पेटंटची वीस वर्षं अर्जापासून मोजतात, त्यामुळे न्याय मिळेपर्यंत मुदत जवळपास संपत आली होती. व्हिडिओ कॉलला ही कसोटी तशी सोयीची आहे. बँडविड्थ वाचली, आवाजाचा उशीर कमी झाला, तर तो तांत्रिक परिणामच. 'मीटिंगचं बिल असं काढा' हा धंद्याचा भाग, तो बाहेर.

तपासणी चुकली तर

अमेरिकेतल्या व्हर्नेटएक्स विरुद्ध ॲपल या भांडणाने त्याची किंमत दाखवली. व्हर्नेटएक्सकडे इंटरनेटवर सुरक्षित जोडणी आपोआप बांधण्याबद्दलची पेटंट होती, त्यातलं एक २००२ मध्ये मंजूर झालेलं. फेसटाइम आणि व्हीपीएनमध्ये आपली पद्धत वापरली म्हणून तिने २०१० मध्ये ॲपलवर दावा ठोकला. २०१२ मध्ये ज्युरीने सुमारे ३६.८ कोटी डॉलर द्यायला सांगितले. त्यानंतर ॲपलने फेसटाइमची रचनाच बदलली. आधी दोन फोन शक्य तिथे थेट बोलायचे, आता कॉल मधल्या रिले सर्व्हरवरून जायला लागले. कोर्टातल्या कागदामुळे लोकांच्या कॉलची वाट बदलली. २०२० मध्ये ॲपलने या वादातल्या एका निकालापोटी ४५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरली.

त्याच वर्षी व्हीपीएनबद्दल आणखी ५० कोटींचा निकाल लागला. पण दरम्यान अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्यामागची दोन पेटंट पुन्हा तपासली होती आणि त्यातले दावे पेटंटलायक नव्हतेच असं ठरवलं होतं. कशावरून? १९९६ चा एक जपानी शोधनिबंध, इंटरनेटवर बंदिस्त, सुरक्षित नेटवर्क कसं बांधायचं याबद्दलचा. २०२३ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने हा निर्णय कायम केला, ते ५० कोटी गेले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही प्रकरण ऐकायला नकार दिला. पेपर १९९६ चा, पेटंट २००२ चं, निकाल २०२३ चा.

म्हणून एका वर्षात एक लाख पेटंट या आकड्यावर माझा उत्साह बेताचाच आहे. साठलेले अर्ज निकाली काढणं गरजेचं होतं, यात वाद नाही. अलानींसारखी वाट कोणालाच पाहायला लागू नये. पण व्हिडिओ कॉलसारख्या क्षेत्रात जुनी माहिती फक्त पेटंटच्या डेटाबेसमध्ये नसते. ती गिटहबवर असते, इंटरनेटच्या मानकांच्या मसुद्यांत असते, वेबआरटीसीच्या मेलमध्ये असते. ते शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळ एक्झामिनरला मिळतोय का हा मंजुरीच्या आकड्याइतकाच मोठा प्रश्न आहे. सिव्हिल लाइन्समधल्या वर्गात कायदा शिकवता येतो. सुट्या कमिटमधून तारीख खोदून काढायची सवय हाताखाली काम करूनच येते.

तुमच्या हातात काय आहे

कॉलेजात कोणी कमी नेटवर्कवर चालणारा कॉल बनवत असेल, तर आधी इनपास या सरकारी साइटवर आणि गूगल पेटंट्सवर शोधा, दोन्ही फुकट आहेत. दावे वाचाच, पण वर्णनही सोडू नका. टेक फेस्टमध्ये डेमो, यूट्यूबवर व्हिडिओ, गिटहबवर कोड हे सगळं अर्जानंतर. काही मोजके अपवाद सोडले तर तुम्ही स्वतः जाहीर केलेली गोष्टसुद्धा तुमच्याच विरुद्ध जुनी माहिती म्हणून उभी राहते. घाई असेल तर प्रोव्हिजनल अर्ज करा. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे, आणि पूर्ण अर्ज द्यायला बारा महिने मिळतात. नागपूरचा अर्ज मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो, पण त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. वकिलाचा खर्च वेगळा, आणि दावे लिहायला माणूस चांगलाच हवा.

पेटंट नको असेल आणि दुसऱ्यालाही मिळू नये असं वाटत असेल, तर उलट करा. तारखेसह सगळं उघड प्रसिद्ध करा. 

आणि एखाद्या कंपनीचा प्रसिद्ध झालेला अर्ज वाचून 'अरे, हे तर आम्ही तीन वर्षांपूर्वीच रेपोमध्ये टाकलंय' असं वाटलं, तर भारतात पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही आक्षेप नोंदवू शकतो. त्याला प्री-ग्रँट ऑपोझिशन म्हणतात, कलम २५(१). २०२४ च्या नियमांपासून त्याला फी लागते, आणि आक्षेपात दम आहे का हे कार्यालय आधी पाहतं. त्यामुळे रागाने लिहिलेलं पत्र चालणार नाही. कोणत्या दाव्याचा कोणता भाग कुठल्या जुन्या कागदात आहे, हे ओळ-ओळ जुळवून द्यावं लागतं, आणि त्या प्रत्येक कागदाची तारीख सिद्ध करावी लागते.