विश्लेषण: नूडल्सच्या वडीला जागतिक मानक आहे, मसाल्याच्या पुडीचं काय?

एप्रिल २०२३ मध्ये तैवानची राजधानी तैपेई इथल्या आरोग्य विभागाने बाजारातल्या इन्स्टंट नूडल्सची तपासणी केली. इंडोनेशियातून आलेल्या 'इंडोमी स्पेशल चिकन'च्या मसाल्यात इथिलीन ऑक्साइड असल्याचं त्यांनी जाहीर केलं. प्रमाण होतं किलोमागे ०.१८७ मिलिग्रॅम. तैवानमध्ये अन्नात हे रसायन चालत नाही, त्यामुळे माल दुकानांतून काढला गेला. काही दिवसांतच इंडोनेशियाच्या अन्न व औषध नियामक संस्थेने उत्तर दिलं: आमच्या नियमांनुसार हेच नूडल्स सुरक्षित आहेत.

गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते. दोघांसमोर एकच चाचणी होती, फक्त आकडा वाचायची पद्धत वेगळी होती.

इन्स्टंट नूडल्सचं जागतिक मानक २००६ पासून अस्तित्वात आहे. मग असा वाद होतोच कसा?

मानक ठरवतं कोण?

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९६३ मध्ये 'कोडेक्स ॲलिमेंटेरियस' आयोग सुरू केला. आज १८८ देश आणि युरोपीय संघ त्याचे सदस्य आहेत. कोडेक्सची मानकं कागदोपत्री ऐच्छिक आहेत. पण १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि अन्नसुरक्षेच्या वादांत कोडेक्सचं मानक हाच संदर्भ मानला जाऊ लागला. एखाद्या देशाला त्याहून कडक नियम लावायचा असेल, तर त्यामागचं विज्ञान दाखवावं लागतं. त्यामुळे 'ऐच्छिक' या शब्दावर फार विसंबून राहता येत नाही.

म्हणूनच आपल्या पदार्थाचं मानक आपल्या सोयीने लिहिलं जावं, यासाठी देश धडपडतात. किमचीच्या मानकावरून जपान आणि दक्षिण कोरिया यांच्यात चांगलीच जुंपली होती. न आंबवलेल्या लोणच्याला किमची म्हणायचं की नाही, हा त्यातला मुद्दा होता. ते मानक २००१ मध्ये मंजूर झालं.

नूडल्सच्या बाबतीत हितसंबंध याहून मोठे होते. मोमोफुकू आंदो यांनी १९५८ मध्ये जपानमध्ये 'चिकन रामेन' बाजारात आणलं आणि पुढच्या काही दशकांत हा पदार्थ जगभर पोहोचला. उत्पादकांनी १९९७ मध्ये आपली आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १२ हजार कोटी पाकिटं खपली. त्यातली ८०० कोटींहून अधिक भारतात. चीन आणि इंडोनेशियानंतर आपलाच नंबर लागतो. मानकाचा मसुदा कोडेक्सच्या आशियाई समितीत तयार झाला आणि जुलै २००६ मध्ये जिनिव्हाच्या अधिवेशनात तो मंजूर झाला.

मानकात आहे काय?

वाचायला घेतलं तर दस्तऐवज अगदीच छोटा आहे. पीठ गव्हाचं, तांदळाचं किंवा दुसरं कुठलंही चालेल. नूडल्स आधी शिजवून मग वाळवलेले हवेत, तळून किंवा इतर मार्गाने. पास्ता या मानकात येत नाही. पाकिटावर 'हलाल' लिहायचं असेल तर त्याचे नियम कोणते, हेही सांगितलं आहे.

खुद्द नूडल्सच्या गुणवत्तेसाठी आकडे मात्र मोजकेच आहेत. तळलेल्या नूडल्समध्ये ओलावा जास्तीत जास्त १० टक्के, न तळलेल्यांत १४ टक्के. आणि तळलेल्या नूडल्समधल्या तेलाचं आम्लमूल्य २ पेक्षा जास्त नको.

हे आम्लमूल्य म्हणजे काय, ते समजायला दिवाळीनंतर महिनाभर डब्यात राहिलेला चिवडा आठवावा. तळणीच्या पदार्थातलं तेल हवा, उष्णता आणि ओलावा यांनी हळूहळू विघटित होतं, त्यातून मेदाम्लं सुटी होतात आणि पदार्थ खवट लागतो. एक ग्रॅम तेलातली ही सुटी आम्लं निष्प्रभ करायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, तो आकडा म्हणजे आम्लमूल्य. नूडल्सची वडी तळताना आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि बारीक छिद्रं राहतात. या छिद्रांमुळेच ती गरम पाण्यात झटकन मऊ होते, आणि याच छिद्रांत तेल बसतं. १९६० च्या दशकाच्या मध्यात जपानमध्ये खवट तेलाचे नूडल्स खाऊन लोक आजारी पडले होते. मानकातला हा आकडा त्या काळजीतून आलेला आहे, आणि तो उपयोगी आहे यात शंका नाही.

अडचण अशी, की गेल्या दहा-बारा वर्षांत नूडल्सवरून जे मोठे वाद झाले, त्यातला जवळपास कुठलाच ओलाव्याचा किंवा खवटपणाचा नव्हता. वाद झाले ते पुडीवरून.

पुडीचा हिशेब वेगळा का?

भारतातलं २०१५ चं मॅगी प्रकरण आठवत असेल. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीहून घेतलेल्या नमुन्यात कोलकात्याच्या प्रयोगशाळेला शिसं १७.२ पीपीएम सापडलं. मर्यादा होती २.५. 'एफएसएसएआय'ने ५ जून रोजी मॅगीचे नऊ प्रकार बाजारातून मागे घ्यायला लावले. कंपनीचं म्हणणं होतं, की मसाला कुणी नुसता खात नाही, तो नूडल्ससोबत शिजवूनच खाल्ला जातो, तेव्हा चाचणीही तशीच व्हावी. नियामकाचं म्हणणं, पुडी वेगळी आहे तर ती वेगळीच तपासणार. त्याच जूनमध्ये सिंगापूरच्या यंत्रणेने भारतातून आलेल्या मॅगीची तपासणी करून ती त्यांच्या नियमांत बसते, असं जाहीर केलं.

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही आणि ज्या प्रयोगशाळांत चाचण्या झाल्या त्यांना आवश्यक मान्यता नव्हती, ही त्यामागची मुख्य कारणं. न्यायालयाने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने चाचणी करायला लावली, त्यांत शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानांत परतली. तोवर हजारो टन नूडल्स नष्ट झाले होते.

इथिलीन ऑक्साइडचा गुंता याहून जास्त आहे. मसाल्यातले साल्मोनेलासारखे जंतू मारायला हा वायू वापरतात. तो कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. पण अन्नात तो फार काळ टिकत नाही, त्याचं २-क्लोरोइथेनॉल होतं, आणि हे दुसरं रसायन नेमकं किती घातक, यावर देशांचं एकमत नाही. युरोपीय संघ दोन्हींची बेरीज करतो आणि मसाल्यांसाठी किलोमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा लावतो. अमेरिका दोन्ही वेगळी मोजते: इथिलीन ऑक्साइड ७, क्लोरोइथेनॉल ९४०.

तैपेईत हेच झालं. प्रत्यक्षात मोजलं गेलं ०.३४ मिलिग्रॅम क्लोरोइथेनॉल. त्याला ०.५५ ने गुणून तैवानने ०.१८७ इथिलीन ऑक्साइड असं लिहिलं. इंडोनेशियात क्लोरोइथेनॉलची मर्यादा ८५ आहे. त्या हिशेबात ०.३४ म्हणजे काहीच नाही.

त्याआधी २०२१ मध्ये जर्मनीत कोरियन नूडल्सवरून असाच प्रश्न उभा राहिला. त्यानंतर युरोपीय संघाने २०२२ च्या सुरुवातीपासून कोरिया आणि व्हिएतनामच्या मसालायुक्त नूडल्ससाठी सरकारी प्रमाणपत्र सक्तीचं केलं आणि दर पाच खेपांतली एक तपासायला घेतली. कोरियावरची ही अट २०२३ मध्ये उठली. मोठ्या कंपनीला प्रत्येक देशासाठी वेगळी पुडी बनवणं आणि वेगळी चाचणी करणं परवडतं. लहान निर्यातदाराची एक खेप परत आली तरी वर्षाचा नफा जातो.

कोडेक्स आकडा का देत नाही?

कारण एका पाकिटाचं काम कोडेक्समध्ये वेगवेगळ्या टेबलांवर चालतं. मसाल्यांच्या समितीचं यजमानपद भारताकडे आहे, पण ती दर्जाचे निकष ठरवते. कीटकनाशकांचे अवशेष चीनच्या यजमानपदाखालच्या समितीकडे, तर शिशासारखी दूषितं नेदरलँड्सच्या यजमानपदाखालच्या समितीकडे जातात. नूडल्सचं मानक दूषितांबाबत फक्त त्या सर्वसाधारण नियमांकडे बोट दाखवतं. मिठाबद्दल तर त्यात मर्यादाच नाही. एका प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि कोडेक्सच्या दोन पालकांपैकी एक हीच संघटना आहे!

इथिलीन ऑक्साइडसाठी कोडेक्सची मर्यादा नाही. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांवर कारवाई केल्यावर भारताने ती ठरवण्याचा विषय कोडेक्सकडे नेला. पण आधी विषविज्ञानाची माहिती तज्ज्ञ गटापुढे ठेवावी लागते आणि मग समितीत सहमती व्हावी लागते. ज्या युरोपात या वायूचा शेतमालावरचा वापर १९९१ पासून बंद आहे, तो इतक्या सहज मान डोलावेल असं दिसत नाही.

दरम्यान पुडीचा जुना प्रश्न नव्या ठिकाणी उगवला. जून २०२४ मध्ये डेन्मार्कने एका कोरियन कंपनीचे तीन प्रकारचे नूडल्स फार तिखट म्हणून परत मागवले. त्यातल्या कॅप्सेसिनने मुलांना विषबाधा होऊ शकते, असं कारण दिलं. हिशेब करताना मसाल्याऐवजी नूडल्ससकट पूर्ण पाकिटाचं वजन धरलं, असा कंपनीचा आक्षेप होता. महिनाभराने तीनपैकी दोन प्रकार डेन्मार्कच्या दुकानांत परत आले.