जंतूंची सरशी

कोडोलीसारख्या गावी, जेथे ऊस, दूध आणि सहकार यांवर वारणाकाठचा संसार उभा आहे, तेथे पोराला ताप भरला की डॉक्टरांआधी औषधाचे दुकान गाठले जावे, आणि "पाचशेच्या तीन गोळ्या द्या" एवढ्या बोलीवर ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक हाती पडावे, ही रीत एकट्या पन्हाळा तालुक्याची नव्हे, साऱ्या देशाची आहे. तो ताप बहुधा विषाणूंचा असतो आणि त्यावर या गोळीचा तिळमात्र परिणाम होत नाही. मात्र देहात वसणाऱ्या जीवाणूंपैकी दुर्बळ तेवढे मरतात, चिवट ते उरतात, आणि आपली प्रतिकारशक्ती अन्य जातींच्या जीवाणूंनाही बहाल करतात. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हा इशारा पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. 2019 साली जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे थेट या निर्ढावलेल्या जंतूंनी दगावली.

कायदा नाही, असे मुळीच नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना प्रतिजैविके विकण्यास मनाई आहेच. शिवाय 1 मार्च 2014 पासून अमलात असलेल्या एच-1 अनुसूचीनुसार कार्बापेनेमसारख्या प्रबळ औषधांच्या विक्रीची नोंद, रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावानिशी, स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जतन करावयाची आहे. ती वही उघडून पाहणारा अंमलदार दुकानात वेळोवेळी येत नसेल, तर कायदा दफ्तरातच राहणार.

परंतु आमचे लक्ष दुकानापेक्षाही गोठ्याकडे अधिक वेधले जाते. म्हशीची कास सुजली, सड दगडासारखा झाला, की कोणत्या जंतूने ती सुजली याची तपासणी न होताच सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली जाते, आणि औषधाचा अंश दुधातून उतरण्याची मुदत सरण्यापूर्वीच ते दूध किटलीत पडते. यात शेतकऱ्यास दोषी धरणे आम्हांस अन्यायाचे वाटते, कारण तीन-चार दिवसांचे दूध ओतून देणे म्हणजे त्याच्या घरच्या मीठमिरचीवर पाणी सोडणे होय. 2019 मध्ये केंद्राने खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली, हे योग्यच झाले; पण एका औषधावरील बंदीने गोठ्यातील अडचण मिटत नाही. तात्यासाहेब कोरे यांनी ज्या भूमीत सहकार रुजविला, तेथील दूधसंघांनी फॅटइतक्याच काटेकोरपणे सुजलेल्या कासेच्या दुधाचे कल्चर, म्हणजे जंतुपरीक्षण, करून द्यावे, कोणते औषध लागू पडेल ते पशुवैद्यास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळवावे, आणि बाजूला काढलेल्या दुधाची भरपाई उत्पादकाच्या दहा दिवसांच्या बिलातच जमा करावी. हा खर्च संघांनी व सरकारने निम्मा-निम्मा उचलावा.