सतराव्या वर्षी सीनियर सिटिझन

शुक्रवारी दुपारी हापिसच्या कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधला एक जण मोबाईलवर २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकचा व्हिडिओ दाखवत होता. अलेक्सांद्रा त्रुसोवा. लालभडक केसांची सतरा वर्षांची रशियन पोरगी, आणि एकाच कार्यक्रमात पाच क्वाड! म्हणजे हवेत चार गिरक्या घेऊन खाली यायचं, आणि हे पाच वेळा. चहा हातात तसाच ठेवून आम्ही बघत राहिलो. मग साहेबांनी निष्कर्ष काढला, "ह्याला म्हणतात कॉम्पिटिशन! ज्यांना झेपतं त्या टिकतात, बाकीच्या सोडून देतात. त्यांची चॉईस आहे यार."

माझं मत विचाराल तर मी आयुष्यात बर्फावर एकदाच उभा राहिलोय, ऑनसाईटला असताना, आणि ताबडतोब बसलोय. :-) पण हा खेळ मी बरीच वर्षं भक्तिभावाने बघतो. त्यामुळे "त्यांची चॉईस" हे शब्द काही डोक्यातून जाईनात, आणि सगळा विकांत त्यातच गेला.

व्हिडिओ जिथे संपतो, त्यानंतर काय झालं ते आमच्या मित्राने बघितलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मोठ्या कार्यक्रमात सर्वाधिक गुण त्रुसोवाचेच होते, १७७.१३. पण बेरजेत ती दुसरी आली. आणि मग कॅमेऱ्यांसमोर ती ढसाढसा रडली. सगळ्यांना सुवर्णपदक मिळालं, मलाच नाही, मी पुन्हा बर्फावर पाय ठेवणार नाही, असं ओरडली. ऑलिंपिकचं रौप्यपदक मिळालेली मुलगी. आता बोला!

चला, आधी हजेरी घेऊ.

युलिया लिप्नित्स्काया. २०१४ च्या सोचीत पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण. लाल कोटातली ती पोर जगभर गाजली. २०१७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी निवृत्त, अ‍ॅनोरेक्सियावर उपचार घेऊन.

अदेलिना सोत्निकोवा. त्याच सोचीत सतराव्या वर्षी वैयक्तिक सुवर्ण, रशियाच्या महिलांना मिळालेलं पहिलं. त्यानंतर जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती एकदाही उतरली नाही.

अलिना झागितोवा. २०१८ ला प्योंगचांगमध्ये पंधराव्या वर्षी सुवर्ण, २०१९ ला जगज्जेती, आणि त्याच डिसेंबरात "सध्या थांबते" अशी घोषणा. वय वर्षं सतरा.

आपल्याकडे सतराव्या वर्षी मुलं सीईटीचे फॉर्म भरत असतात हो.

आता कोणी म्हणेल, हा खेळच लहान वयाचा आहे. साफ खोटं. मारिया बुतिर्स्काया १९९९ मध्ये जगज्जेती झाली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तीही रशियनच. इरिना स्लुत्स्काया २००२ आणि २००५ ची जगज्जेती. मधल्या काळात रक्तवाहिन्यांच्या आजाराने तिला गाठलं, तरी ती परत आली आणि २००६ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी ऑलिंपिकचं कांस्य घेऊन गेली. इटलीची कारोलिना कोस्टनर तर एकतिसाव्या वर्षी ऑलिंपिकमध्ये पाचवी आली. लहान वयाच्या विजेत्या रशियाबाहेरही झाल्या, अमेरिकेची तारा लिपिन्स्की १९९८ मध्ये पंधरा वर्षांचीच होती. पण दर चार वर्षांनी नवी पोर आणायची आणि आधीची मोडीत काढायची, हा कारखाना मात्र मॉस्कोत उभा राहिला.

का राहिला? इथे आपला इंजिनियरी किडा वळवळतो. ज्याला मार्क, त्याचाच अभ्यास, इतकं सोपं आहे ते.

२०१८ पर्यंत नियम होता की कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या उड्यांना दहा टक्के जास्त गुण. झागितोवाच्या गोटाने सरळ सगळ्याच उड्या उत्तरार्धात टाकल्या. नियमात बसत होतं, केलं. तिचं आणि येवगेनिया मेदवेदेवाचं मोठ्या कार्यक्रमातलं गुणांकन अगदी सारखं आलं, १५६.६५. झागितोवाला सुवर्ण मिळालं ते छोट्या कार्यक्रमातल्या आघाडीवर. मग संघटनेला जाग आली आणि हा बोनस शेवटच्या मोजक्या उड्यांपुरता ठेवला गेला. झालं, तोवर क्वाडचं युग सुरू! तिहेरी लुट्झला मूळ गुण ५.९, चौपट लुट्झला ११.५. जवळजवळ दुप्पट. आणि हवेत मिळतो पाऊण सेकंदाहून कमी वेळ. अकरावीचं फिजिक्स आठवा, फिरणारी वस्तू जितकी आक्रसलेली तितकी वेगाने फिरते. मग कोणाचं शरीर सोयीचं? कंबर रुंदावण्याआधीचं, वजन वाढण्याआधीचं. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं.

मुलगी वयात आली की "फॉर्म गेला" म्हणायचं. अहो, फॉर्म नाही गेला, ती मोठी झाली!

आता ती "कॉम्पिटिशन". ऑलिंपिकमध्ये एका देशाला जास्तीत जास्त तीन जागा. २०२२ मध्ये रशियाच्या तिन्ही जागांवर त्रुसोवा, आन्ना श्चेर्बाकोवा आणि कामिला वालियेवा होत्या. तिघी एकाच प्रशिक्षिकेच्या, एतेरी तुत्बेरिद्झेच्या. सराव एकाच बर्फावर. म्हणजे स्पर्धा देशोदेशींची कमी आणि एकाच हॉलमधल्या रांगेची जास्त. तुम्ही पडलात तर पुढची तयार. स्पर्धेमुळे माणूस घडतो हे मला मान्य आहे. पण स्पर्धेत हरलेल्याला पुढच्या वर्षी परत यायला जागा असावी लागते. रांगेत ती नसते, एकदा बाहेर पडलं की संपलं.

याच रांगेतला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. मेदवेदेवा २०१६ आणि २०१७ ची जगज्जेती, दोन वर्षं जवळजवळ अजिंक्य. ऑलिंपिकच्या मोसमातच पायाचं हाड दुखावलं, आणि नेमकी त्याच वर्षी झागितोवा सीनियर गटात आली. २०१८ च्या मे महिन्यात मेदवेदेवा प्रशिक्षिकेला सोडून टोरोंटोला ब्रायन ऑर्सरकडे गेली. तेव्हा तुत्बेरिद्झेने जाहीरपणे सांगितलं की, अलिनाला अजून एक वर्ष ज्युनियरमध्ये ठेवता आलं नसतं का, असं ही पोर विचारत होती. सांगण्याचा रोख असा, की बघा किती बालिश!

झागितोवाला अडवणं अन्यायच झाला असता, ते बरोबर. पण अठरा वर्षांची मुलगी जिच्याकडे लहानपणापासून वाढली तिलाच खासगीत काही विचारते, आणि ते चव्हाट्यावर कोण आणतं? तर मोठं माणूस. चॉईस केली ना तिने? मग त्याची ही किंमत. २०२० मध्ये त्रुसोवा आणि अल्योना कोस्तोर्नाया प्लुशेंकोकडे गेल्या तेव्हा तर फितुरी झाल्यासारखा गदारोळ. वर्षभरात दोघी परत जुन्याच दारात. आपण दोन वर्षांत तीन कंपन्या बदलतो आणि त्याला करिअर ग्रोथ म्हणतो!

आणि मूळ निर्णय तरी कोणाचा? लिप्नित्स्काया येकातेरिनबुर्गहून आईबरोबर मॉस्कोला आली. झागितोवा इझेव्स्कहून आली, मॉस्कोत आजीजवळ राहिली. शाळा, घर, गाव, सगळं एका बर्फावर लावलेलं. त्या वयात "मला नको" म्हणायला किती धैर्य लागत असेल?

वालियेवाचं प्रकरण या सगळ्याचा कळस. २५ डिसेंबर २०२१ ला घेतलेल्या नमुन्यात हृदयविकारावरचं औषध सापडलं, ट्रायमेटाझिडिन. वय पंधरा. निकाल कळला तो ऑलिंपिक सुरू असताना. लवादाने खेळायला परवानगी दिली, आणि १७ फेब्रुवारीला सगळ्या जगासमोर ती पुन्हा पुन्हा पडली, चौथी आली. जानेवारी २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी लागली, नमुन्याच्या तारखेपासून मोजून. बंदी तिच्यावर. तिच्याभोवतीच्या एकाही मोठ्या माणसावर नाही. पंधरा वर्षांची मुलगी हृदयविकाराची गोळी स्वतः दुकानात जाऊन आणते का हो?

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने सीनियर गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने सतरा केली. हे रशियाला अडवायला केलं, अशी ओरड तिकडे झाली. पण अमेरिकेची अलिसा लिऊ बघा. तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती, सोळाव्या वर्षी कंटाळून निवृत्त! दोन वर्षं बर्फापासून लांब राहिली, मग आपणहून, आपल्या अटींवर परतली, आणि २०२५ मध्ये बोस्टनला एकोणिसाव्या वर्षी जगज्जेती झाली. ही चॉईस. सोडताही आलं, परत येताही आलं. जपानची काओरी साकामोतो क्वाड न मारता २०२२ ते २०२४ सलग तीनदा जगज्जेती झाली, विशीत. आणि रशियातच येलिझावेता तुक्तामिशेवाने मिशिनसारख्या जुन्या गुरूकडे राहून २०१५ ला जगज्जेतेपद घेतलं, आणि सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी जागतिक रौप्य. ऑलिंपिकची जागा मात्र तिला तिन्ही वेळा मिळाली नाही. रांग फार लांब होती.

माझ्या मते वयाचा नियम चांगला, पण अपुरा. फाटक दोन वर्षं पुढे सरकलं, रांग तशीच. अल्पवयीन खेळाडूच्या नमुन्यात काही सापडलं तर आधी प्रशिक्षक आणि डॉक्टरने उत्तर द्यावं. आणि उडीच्या गुणांचं कोष्टक करणाऱ्यांनी आकडा लिहिताना विचार करावा, की हे गुण कोणत्या वयाच्या हाडांतून निघणार आहेत.

आणि आपण? आपण क्वाड बघून टाळ्या वाजवतो आणि व्हिडिओ तिथेच थांबवतो. मीही वाजवल्यात, खोटं कशाला बोलू. सोमवारी त्या मित्राला मी तोच व्हिडिओ पुन्हा दाखवणार आहे, पण शेवटच्या क्वाडच्या पुढचा भाग. मग विचारणार, "बोल, आता ह्यात तिची चॉईस कुठली?"

बघू काय म्हणतो. चहा माझ्याकडून.