काँक्रीटमधील सूक्ष्म भेगा आणि यंत्राची नजर

काँक्रीटला तडा गेला असे जेव्हा बोलले जाते, तेव्हा तो पृष्ठभागावर येऊन पोहोचलेला असतो. नुसत्या डोळ्यास सुमारे एक दशांश मिलिमीटर रुंदीची भेग कशीबशी दिसते. आरंभी ती याच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असते आणि त्या अवस्थेत तिचा माग सूक्ष्मदर्शकानेच काढावा लागतो.

अशी भेग आढळली म्हणजे बांधकाम बिघडले असे मात्र नव्हे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९६३ साली असे दाखवून दिले की, भार पडण्यापूर्वीच खडी आणि भोवतालचा मसाला यांच्या सांध्यात बारीक भेगा असतात. भार वाढत गेला म्हणजे त्या लांबतात व अखेर मसाल्यातून एकमेकींस जाऊन मिळतात. तेव्हा भेगा आहेत की नाहीत हा खरा प्रश्न नसून, त्या किती आहेत, कोठे आहेत आणि कोणत्या दिशेने जातात हा आहे. पृष्ठभाग वाळून आकसल्याने पडणाऱ्या भेगा बहुधा पृष्ठभागाशी काटकोनात आत शिरतात. उलट, सिमेंटमधील अल्क आणि खडीतील सिलिका यांच्या विक्रियेने पडलेल्या भेगा खडीच्या पोटातून निघतात. ही विक्रिया स्टँटन यांनी १९४० साली कॅलिफोर्नियात ओळखली. पुढे आपल्याकडे हिराकुड आणि रिहंद या धरणांतही ती आढळली. दोहोंचे उपाय वेगळे असल्याने निदान चुकल्यास खर्च वाया जातो आणि धोका मात्र तसाच राहतो.

मोजणीचे काम आता प्रतिमा-विश्लेषणाने होते. नमुन्यात प्रतिदीप्त रंग मिसळलेली पातळ राळ भरतात, ती घट्ट झाल्यावर त्याची चकती कापून घासतात आणि अतिनील प्रकाशात छायाचित्र घेतात. भेगा उजळतात. संगणक प्रत्येक चित्रबिंदूस ० ते २५५ यांपैकी उजळपणाचा एक अंक देतो. ठरविलेल्या मर्यादेच्या वरचे बिंदू निवडतो. आणि त्यांतील गोल आकृती हवेची छिद्रे म्हणून वगळून लांबट तेवढ्या भेगा म्हणून मोजतो. माणूस दिवसभर डोळे ताणून जे करील, ते यंत्र काही मिनिटांत करते, आणि थकत नाही.

परंतु याच वेगामुळे एक भाबडा विश्वास बळावला आहे. संगणकाने छापलेला आकडा म्हणजे काँक्रीटचा गुणधर्म, असे मानले जाते. वस्तुतः ती मर्यादा कोणीतरी माणसाने ठरविलेली असते. ती वाढविली की एकच लांब भेग तीन तुकड्यांत मोडते: भेगांची संख्या वाढते आणि एकूण लांबी घटते! ती कमी केली की छिद्रे भेगांना चिकटतात. हजारो चित्रांवरून शिकलेल्या नव्या यंत्रणाही याला अपवाद नाहीत. त्यांना शिकविणाऱ्या चित्रांवर भेगांच्या रेषा आधी माणसांनीच ओढलेल्या असतात.

याहून मोठी चूक छायाचित्राच्या आधीच घडते. नमुना भट्टीत घाईने वाळविला तर वाळविण्यानेच नव्या भेगा पडतात, आणि यंत्र त्याही इमानाने मोजते. म्हणून काळजी घेणारे प्रयोगकर्ते नमुन्यातील पाणी हळूहळू अल्कोहोलने काढून घेतात. कापण्यापूर्वी एका रंगाची व कापल्यानंतर दुसऱ्या रंगाची राळ भरली, तर करवतीने पाडलेल्या भेगाही वेगळ्या ओळखू येतात. हे काम कंटाळवाणे आहे, आणि नेमके तेच अहवालात एका ओळीत उरकले जाते.

धरणाच्या किंवा पुलाच्या दुरुस्तीचा निर्णय ज्या अहवालावर व्हावयाचा, त्यात नमुना कसा वाळविला, एक चित्रबिंदू किती मायक्रॉनचा होता आणि मर्यादा कोणती धरली, हे नमूद केलेले नसेल, तर तो परत पाठविणेच योग्य होय. त्याच बांधकामाच्या धडधाकट भागातील एक चकती तशाच रीतीने तपासून शेजारी ठेवावी. मूळ छायाचित्रे तर कधीच टाकून देऊ नयेत. वीस वर्षांनी त्याच भिंतीतून पुन्हा नमुना काढला जाईल, तेव्हा जुना आकडा नव्या रीतीशी जुळणार नाही. जुने छायाचित्र मात्र नव्या रीतीने पुन्हा मोजता येईल.