गाडी कोणाच्या नांवावर?

घरांतील मुलगा नोकरीस लागला कीं त्याची दृष्टि लहान दुचाकीवरून मोठ्या मोटारसायकलीवर जाते. सव्वाशें सी.सी.ची गाडी महाविद्यालयांत पुरत होती. आतां साडेतीनशेंची हवी असते. ह्या हौसेला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. आमच्या पिढीनेंही राजदूत आणि येझदी ह्यांच्याकडे पुष्कळ आशाळभूतपणें पाहिलेलें आहे.

परंतु गाडी दारांत येऊन आठवडा लोटत नाहीं तोंच तिला नटविण्याचे बेत सुरू होतात. प्रथम सायलेन्सर, मग रुंद टायर, डोळे दिपविणारे दिवे, निराळा रंग! 'अलंकार' शब्दाच्या पोटांत 'अलम्' आहे, आणि त्याचा एक अर्थ 'पुरे' असा होतो. मोटारसायकलीच्या अलंकारांत हा 'अलम्' कोठेंच आढळत नाहीं.

कायदा मात्र 'पुरे' म्हणतो. नोंदणीपुस्तकांतील तपशील आणि कारखान्यानें मूळ ठरविलेला तपशील ह्यांत अंतर पडेल असा बदल मालकास करतां येत नाहीं, असें मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें. सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं तेंच स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें असा प्रत्येक बदल ५,००० रुपये दंडास, सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस किंवा दोहोंस पात्र ठरविला. कर्कश सायलेन्सरचा अपराध निराळा. त्यास पहिल्याच खेपेस १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. रंगाचीही नोंद पुस्तकांत असते, म्हणून तो बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाची संमति घ्यावी. बैठकीची गादी किंवा सामानाच्या पेट्या ह्यांस कोणी हरकत घेत नाहीं. फक्त त्या विमा कंपनीस कळवून थोडा अधिक हप्ता भरावा, म्हणजे त्यांचीही भरपाई मागतां येते.

कळविण्याचें हें काम तरुण मंडळी टाळतात, हप्ता वाढेल म्हणून. कंपनीनें जोखीम मोजलेली असते ती कारखान्यांतून निघाली त्या गाडीची. न कळवितां केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या दृष्टीस पडला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची मागणी फेटाळली जाण्याचा संभव असतो. सायलेन्सरवर उधळलेले पैसे गेलेच, वर गाडी दुरुस्तीचा खर्चही अंगावर!

आणखी एक घोटाळा पुष्कळ घरांत दिसतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा एकदम पांच वर्षांचा घ्यावा लागतो. तो घेतला कीं घरचीं माणसें पांच वर्षें निर्धास्त होतात. पण त्याच कागदावरील स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो, आणि तो केव्हां संपला हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. साडेतीनशेंचा आंकडाही लक्षांत ठेवावा. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकांत दीडशेंच्या वर व साडेतीनशेंपर्यंतच्या दुचाकीस तिऱ्हाइताच्या विम्याचे वार्षिक १,३६६ रुपये होते. त्यापुढील गाडीस २,८०४.

आतां खऱ्या काळजीच्या गोष्टीकडे वळूं. एकत्र कुटुंबांत गाडी वडिलांच्या किंवा थोरल्या काकांच्या नांवावर घेण्याची चाल आहे. कर्ज लवकर मिळतें. शिवाय काकांनीं आपल्या जुन्या गाडीवर वर्षानुवर्षें भरपाई मागितलेली नसते, त्याबद्दलची सवलत नव्या गाडीसही मिळते. ही सवलत एका वर्षानें २० टक्के आणि पांच वर्षांनीं ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि ती गाडीची नसून माणसाची असते. हिशेब चोख आहे. पण गाडी चालविणार पुतण्या!

मालकाचा जो १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव आहे आणि ज्याच्याजवळ परवाना आहे त्याच्यापुरता. काकांच्या गाडीवर पुतण्यास कांहीं झालें तर तो त्यास लागू पडत नाहीं. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें अशीच हकीकत आली होती. एका गृहस्थानें दुसऱ्याची मोटारसायकल मागून आणली. पुढें चाललेली बैलगाडी एकाएकीं थांबली, तिच्यावर तो आदळला आणि मरण पावला. गाडी मागून आणणारा मालकाच्याच जागीं उभा राहतो, म्हणून दोष सिद्ध न करतां भरपाई देणाऱ्या १६३-अ कलमाचा आधार त्याच्या वारसांना घेतां येणार नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. वाचणाऱ्या आयांनीं हें वाक्य पुन्हा एकदां वाचावें.

सवलतीचे चार-दोन हजार सोडावे आणि गाडी चालविणाऱ्याच्या नांवावर घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें जमत नसेल तर मुलाचा स्वतंत्र अपघात विमा उतरवावा. एका स्नेह्यांस आम्ही हें सांगितलें, तेव्हां वडीलधाऱ्यांचा मान राहत नाहीं, अशी तक्रार त्यांनीं केली. आम्ही म्हटलें, दसऱ्यास गाडीला हार तुम्हीच घाला कीं!

गाडी आधींच काकांच्या नांवावर असेल आणि ती पुतण्याच्या नांवें करावयाची असेल, तर चौदा दिवसांच्या आंत विमा कंपनीसही अर्ज करावा. नोंदणीपुस्तकांत पुतण्या आणि विम्याच्या कागदावर काका असे राहिले, तर त्या १५ लाखांवर दोघांपैकीं कोणासच हक्क सांगतां येत नाहीं.