रातबगळ्याची तपकिरी पिले

बगळा म्हटला की तो शुभ्रच, अशी आपली लहानपणापासूनची समजूत असते. संस्कृत कवींनीही काळ्या मेघांवर उडविली ती बलाकांची पांढरी माळच. परंतु जळगावचा मेहरूण तलाव, तापीवरील हतनूरचा जलाशय किंवा धुळ्यास पांझरेचा काठ येथे पावसाळा सरता सरता सायंकाळी फिरावयास जावे, तो आखूड मानेचा एक जाडसर तपकिरी पक्षी दृष्टीस पडतो. पंखांवर फिकट ठिपके, पोटावर उभ्या रेघा, डोळा पिवळसर. पुष्कळ लोक त्यास ढोकरी समजून पुढे जातात. वस्तुतः ते रातबगळ्याचे त्याच सालचे पिलू होय.

आईबापांशी त्याचे काडीचेही साम्य नसते. प्रौढ रातबगळ्याचा माथा व पाठ काळी, पंख राखी, पोट पांढरे, डोळे लालभडक, आणि मानेमागे दोन-तीन लांब पांढरी पिसे. मुंज लागली की आपला मुलगा एका सकाळीत बटू होतो. पक्ष्यांत असा संस्कार नाही. जुनी पिसे गळून नवी येताना ठिपके विरळ होतात, माथा काळवंडतो, डोळा पिवळ्याचा नारिंगी व नारिंगीचा तांबडा होतो. मधल्या काळातील पक्षी तर धड ना पिलू धड ना प्रौढ! पुरते रूप येण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. अमेरिकेतील एका निळ्या बगळ्याचे मात्र उलटे आहे. त्याचे पिलू पहिले वर्ष पांढरे असते, आणि मोठेपणी निळे होते.

ढोकरी ओळखण्याची खूण आम्ही मुलांस सांगतो ती अशी: ढोकरी उडाली की तिचे पंख एकदम पांढरे झळकतात, हे पिलू उडतानाही तपकिरीच राहते.

ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे. पक्षिगणनेत ही पिले ढोकरीच्या खात्यात मांडली गेली, तर रातबगळ्यांची वीण यंदा साधली की नाही, हे कळण्याचा मार्गच बुजतो. त्यांची घरटी पुष्कळदा गावातल्याच चिंचेवर किंवा वडावर असतात, आणि खाली पडणाऱ्या घाणीस कंटाळून लोक ऐन पावसाळ्यात फांद्या उतरवितात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे खरे, पण कायद्याआधी कुऱ्हाड पोहोचते. ज्यांच्या वाड्यात असे झाड असेल त्यांनी दिवाळीपर्यंत दम धरावा. तोवर बहुतेक पिले उडून गेलेली असतात. घरटी रिकामी झाल्याचे पाहून मग छाटणी खुशाल करावी.