मुक्तस्रोताच्या मेळाव्यात माणसांविषयीही बोला

प्रति,
महाराष्ट्रातील मुक्तस्रोत समुदायांचे संयोजक आणि प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर



परतूरसारख्या तालुक्याच्या गावी मी मुलांना संगणक शिकवतो. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन हे सगळे आम्हाला विनामूल्य मिळाले. ते उघडून पाहण्याची, बदलण्याची मुभाही मिळाली. त्याची जाण ठेवूनच हे पत्र लिहितो आहे. आपल्या अनेक बैठकांत आणि गटांत ‘फक्त तांत्रिक बोला’ हा नियम रुळला आहे. तो बदला, अशी माझी विनंती आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीने एका प्रकल्पाच्या मराठी भाषांतरातल्या चुका दुरुस्त करून पाठवल्या. कित्येक महिने त्या कुणी पाहिल्याच नाहीत. या दुरुस्त्या तपासणार कोण आणि मराठीत विचारले तर चालेल का, असे तिने गटात विचारले. ‘हा विषय इथला नाही’ एवढेच उत्तर आले. त्यानंतर तिने काही पाठवले नाही. तिच्या कामात खोट नव्हती. ते पाहायचे कुणी, हेच ठरलेले नव्हते.

असे प्रश्न टाळले की काय होते, हे २०२४ मध्ये जगाने पाहिले. ‘एक्सझेड’ हे फाइलचा आकार कमी करणारे साधन बहुतेक लिनक्स प्रणालींत असते. लासे कॉलिन ते वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळत होते. मानसिक आरोग्याच्या जुन्या तक्रारींमुळे काम मंदावले आहे, असे त्यांनी २०२२ मध्ये उघडपणे लिहिले. तरीही दुसऱ्याच्या हाती काम द्या, असा तगादा त्यांच्यामागे लागला. अखेर ‘जिया टॅन’ या नावाने मदत करणाऱ्याला सहमेंटेनर केले गेले आणि त्यानेच ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकार उघड झाला. थकलेल्या माणसाच्या जोडीला कोण उभे राहणार, हा प्रश्न कोडचा नव्हता. पण तो सुटला नाही म्हणून कोडच धोक्यात आला.

वाद होतील, राजकारण शिरेल, ही आपली भीती मला समजते. पण तोंड बंद केल्याने वाद मिटत नाहीत. एका प्रस्तावावरच्या कडवट वादानंतर पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. यापुढे निर्णय कोण घेणार, यावर समुदाय मोकळेपणाने बोलला, मतदान झाले आणि २०१९ मध्ये पाच जणांचे निवडून आलेले सुकाणू मंडळ कामाला लागले. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाने तर वापरकर्त्यांशी असलेली बांधिलकी १९९७ मध्येच ‘सामाजिक करार’ म्हणून लिहून काढली. दोन्ही प्रकल्प आजही जोमाने चालू आहेत.

म्हणून काही गोष्टी सुचवतो. नवख्याच्या कामाला किती दिवसांत उत्तर द्यायचे, ते ठरवा. आचारसंहिता मराठीत लिहा आणि तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नाव त्यात द्या. मेंटेनर आजारी पडला तर त्याचे काम कोण पाहील, हे आधीच ठरवून ठेवा. पैसा कुठून येतो, कुठे जातो, याचा हिशेब सर्वांसमोर मांडा. परतूरहून पुण्याच्या एका दिवसाच्या मेळाव्याला यायचे तर दोन रात्री प्रवासात जातात. एकट्या मुलीला घरून परवानगी मिळणेही अवघड असते. आमचे गाव नांदेड-मनमाड रेल्वेमार्गावर आहे. म्हणून त्याच मार्गावर जालन्याला किंवा नांदेडला एखादा मेळावा घ्या, म्हणजे मराठवाड्यातली मुले येऊ शकतील.

पुढच्या मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत या विषयांसाठी एक तास राखून ठेवा आणि त्या तासाला मराठीत बोलण्याची मुभा द्या. आमची मुले काम करायला तयार आहेत. त्यांचे म्हणणेही ऐकून घ्या.

आपला नम्र,
एक संगणक शिक्षक
परतूर, जि. जालना